कंपनी ज्ञान कुठून घेते आणि त्याने धंद्यावर काय फरक पडतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भांडुपला आमच्या घरचा प्लॅस्टिक मोल्डिंगचा गाळा होता, आता मी वागळे इस्टेट, वसई, अंबरनाथ, तारापूर या पट्ट्यातल्या युनिटवाल्यांबरोबर बसतो. मशीन कुठलं घेऊ, लोन कुठून काढू हे विचारणारे भरपूर भेटतात. पण आपल्याला जे येतं ते कुठून आलं आणि अजून कुठून येऊ शकेल हा विषय निघाला की तेच ते प्रश्न फिरून येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

ज्ञानाचे स्रोत म्हणजे नक्की काय? ट्रेनिंग का?

ट्रेनिंग त्यातला एक छोटा भाग झाला. तुमच्या मशीनवरचा माणूस, माल परत पाठवणारं गिऱ्हाईक, कच्चा माल देणारा, मशीन बसवायला आलेला इंजिनीअर, स्पर्धकाचा बाजारातला माल, कन्सल्टंट, कॉलेज, टेस्टिंग लॅब, गोरेगावच्या नेस्कोमधली प्रदर्शनं, असोसिएशनच्या मीटिंगा, बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) स्टँडर्ड्स, पेटंटं, हे सगळे स्रोतच. युरोपात १९९० च्या दशकापासून कंपन्यांचा इनोव्हेशन सर्व्हे होतो, त्यात साधारण हीच यादी देऊन विचारतात की यातलं कुठलं तुम्ही वापरता आणि किती. तिकडे वर्षानुवर्षं वरचे नंबर तेच येतात, आधी कंपनीतलीच माणसं, मग गिऱ्हाईक आणि सप्लायर. विद्यापीठं आणि सरकारी संशोधन संस्था बऱ्याच खाली असतात. मला यात नवल वाटत नाही, कारण रोज ज्यांच्याशी बोलणं होतं त्यांच्याकडूनच माणूस शिकतो.

मग जितके जास्त स्रोत तितका फायदा जास्त?

एका मर्यादेपर्यंत हो. यावर लॉरसन आणि सॉल्टर या दोन संशोधकांचा २००६ चा अभ्यास खूप वाचला जातो. त्यांनी ब्रिटनमधल्या २,७०७ उत्पादक कंपन्या घेतल्या आणि प्रत्येक कंपनी १६ बाहेरच्या स्रोतांपैकी किती वापरते आणि त्यातले किती अगदी मनापासून वापरते ते बघितलं. स्रोत वाढले तशी नव्या प्रॉडक्टची कामगिरी वाढत गेली, पण पुढे एका टप्प्यानंतर ती उलटी खाली यायला लागली, ग्राफ काढला तर घाटासारखा, चढ आणि मग उतार.

उतार का लागतो ते आपल्याकडे कुठल्याही युनिटमध्ये दिसतं. शेठ एकटे, प्रदर्शनाला तेच जाणार, सप्लायरला तेच भेटणार, मोठ्या गिऱ्हाइकाच्या ऑडिटला तेच बसणार, आणि घरी येताना बॅगेत चाळीस व्हिजिटिंग कार्डं. त्यातल्या एकालाही नंतर फोन होत नाही. माहिती आत येते पण तिच्याकडे बघायला माणूसच नसतो, आणि सारख्या नवीन कल्पना आल्या की हातात घेतलेलं कामही अर्धवट सुटतं.

एक लक्षात ठेवा, अशा सर्व्हेवरून "स्रोत वाढवले म्हणून कंपनी चांगली चालली" असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, कदाचित चांगली चालणारी कंपनीच जास्त लोकांशी बोलत असेल. त्यासाठी प्रयोग लागतो, आणि तसा प्रयोग आपल्या बाजूलाच झालाय, तो पुढे येतो.

स्रोत आहेत, भेटीगाठी पण होतात, तरी फरक का पडत नाही?

हा माझ्या जवळचा प्रश्न आहे, आमच्याच गाळ्यातलं सांगतो.

आम्ही नायलॉनचे बुश आणि क्लिप काढायचो. पावसाळ्यात पीसवर चंदेरी रेघा यायची भीती असायची, असा पीस ठिसूळ पडतो, बसवताना तुटतो आणि सगळा लॉट परत येतो. मशीनवर आमचे ऑपरेटर काका होते, वीस वर्षांचा हात. सकाळी पहिला शॉट ते कधीच साच्यात मारायचे नाहीत. नोझल मागे घ्यायचे, वितळलेला माल पत्र्यावर सोडायचे आणि वाकून ऐकायचे. चरचर आवाज आला आणि गोळ्यावर फेस दिसला की म्हणायचे "दाणा ओला आहे" (दाणा म्हणजे नायलॉनचा कच्चा माल), मशीन थांबवायचे आणि ड्रायर अजून दोन तास चालवायचे. आम्ही लहानपणापासून हे बघत होतो पण ही काकांची सवय आहे एवढंच वाटायचं. काका रिटायर होऊन चिपळूणला गेले. त्यानंतरच्या पहिल्याच जुलैत रिजेक्शन इतकं चढलं की वाया गेलेल्या प्लॅस्टिकच्या गोण्या ठेवायला जागा उरली नाही. नव्या मुलाकडे टेम्परेचर आणि प्रेशर लिहिलेला कागद होता, सगळं बरोबर लावलेलं, फक्त कान देऊन ऐकायचं त्या कागदावर नव्हतं.

आता दुसरी बाजू. दाण्याच्या सप्लायरचा टेक्निकल माणूस दर महिन्याला यायचा, चहा घ्यायचा, ऑर्डर लिहायचा, जायचा. काकांना फोन करून ओल्या दाण्याचं कळल्यावर मी त्याला थेट ड्रायरसमोर उभा केला. त्याने दोन मिनिटांत सांगितलं की हा साधा हॉट एअर ड्रायर बाहेरचीच हवा तापवून आत टाकतो, मुंबईच्या जुलैत ती हवाच दमट, मग दाणा वाळणार कसा, नायलॉनला आधी हवा कोरडी करणारा ड्रायर लागतो, ८० डिग्रीच्या आसपास आणि काही तास सलग. हे ज्ञान महिन्यातून एकदा आमच्या ऑफिसात येऊन चहा पिऊन जात होतं. पण आमचा प्रॉब्लेम ओलाव्याचा आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं, मग त्याला विचारणार तरी काय?

कोहेन आणि लेव्हिन्थल या दोन संशोधकांनी १९९० मध्ये हीच गोष्ट मांडली, बाहेरचं ज्ञान ओळखणं, ते पचवणं आणि कामाला लावणं ही स्वतंत्र ताकद आहे आणि ती तुमच्याकडे आधीपासून असलेल्या त्याच विषयातल्या ज्ञानावर उभी राहते. म्हणजे घरात त्या विषयातलं थोडंतरी कळणारा माणूस लागतोच. त्यांच्या मते कंपनी स्वतःच्या संशोधनावर खर्च करते त्यातून दोन गोष्टी मिळतात, एक तर नवीन काही सापडतं आणि दुसरं म्हणजे दुसऱ्याने शोधलेलं समजायला लागतं. छोट्या युनिटला संशोधन विभाग परवडत नाही हे मान्य, पण रोजचं रिजेक्शन कारणासकट लिहून ठेवणं हे सुद्धा त्याच जातीचं काम आहे.

याचा आपल्या भागातला काही पुरावा आहे का, की सगळं परदेशातलंच?

आहे, आणि तो जगभर शिकवला जातो. निकोलस ब्लूम आणि त्यांच्याबरोबरच्या चार अर्थतज्ज्ञांनी २००८ पासून तारापूर आणि उंबरगाव भागातल्या कापड विणणाऱ्या १७ कंपन्यांमध्ये खराखुरा प्रयोग केला. काही कारखान्यांना पाच महिने फुकट कन्सल्टिंग दिलं, पहिला महिना तपासणी आणि पुढचे चार महिने शेजारी बसून अंमलबजावणी. बाकीच्यांना फक्त तपासणी. कोणाला काय मिळणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं, म्हणून हा पुरावा भक्कम आहे.

शिकवलं काय? एकूण ३८ पद्धती, आणि त्यात एकही भारी टेक्नॉलॉजी नाही. लूम (माग) का थांबला ते लिहा, कापडातले फॉल्ट रोज नोंदवा आणि कारणाप्रमाणे वेगळे करा, सुताच्या साठ्याची यादी ठेवा, हत्यारं जागेवर ठेवा, जमीन साफ ठेवा, रोज थोडा वेळ सगळ्यांनी बसून कालचे आकडे बघा. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली, तीन वर्षांत या कंपन्यांनी अजून कारखाने उघडले.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. या मालकांनी हे आधी का केलं नव्हतं? पैसे तर होते, आणि या गोष्टींना पैसे लागतातच कुठे. अभ्यासात निघालं की काही पद्धती त्यांनी ऐकल्याच नव्हत्या, आणि ज्या ऐकल्या होत्या त्या "आपल्याकडे याचा उपयोग नाही, आपली क्वालिटी ठीकच आहे" असं समजून सोडून दिल्या होत्या. फॉल्टची नोंदच नाही तर क्वालिटी ठीक आहे हे ठरवलं कशावरून?

काही वर्षांनी तीच टीम परत गेली तेव्हा साधारण निम्म्या पद्धती सुटलेल्या होत्या, मॅनेजर बदलले, मालकांना वेळ मिळेना, वगैरे. तरीही हे कारखाने बाकीच्यांच्या पुढेच होते. अजून एक, ज्या कंपनीचे दोन-तीन कारखाने होते तिथे एका कारखान्यातून दुसऱ्यात पद्धती आपोआप गेल्या, पण एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत फारशा गेल्या नाहीत. एकाच एमआयडीसीत, एकाच टपरीवर चहा पिणारी माणसं असून सुद्धा.

कामगारांना माहीत असतं तर ते सांगत का नाहीत?

सांगून त्यांचं नुकसान होत असेल तर का सांगतील? पाकिस्तानात सियालकोटला फुटबॉल बनवतात, तिथला २०१७ मध्ये छापून आलेला अभ्यास आहे. संशोधकांनी रेक्झिन कापायची एक नवीन डाय तयार केली, तिच्याने तुकडे एकमेकांना चिकटून बसतात आणि वाया जाणारा माल कमी होतो. कंपन्यांना फुकट वाटली. महिनोन् महिने जवळपास कोणी वापरेना. कारण कटिंग करणाऱ्यांना पीसवर पैसे मिळतात, नवीन डायने सुरुवातीला हात हळू चालतो, म्हणजे वाचणार मालकाचा माल आणि कमी होणार कारागिराची मजुरी. मग ते मालकाला सांगायचे की ही डाय काही कामाची नाही, आणि मालक विश्वास ठेवायचे. संशोधकांनी काही कंपन्यांत कारागिराला एक महिन्याच्या पगाराएवढं बक्षीस कबूल केलं, डाय नीट वापरून दाखवली की मिळणार, आणि तिथे वापर लगेच वाढला.

पीसवर पैसे देणारे धारावीत, भिवंडीत, वसईत सगळीकडे आहेत. "आमची माणसं नवीन काही घेतच नाहीत" असं मला कोणी म्हटलं की मी पहिलं विचारतो, नवीन घेतल्यावर त्या आठवड्यात त्याच्या हातात किती कमी पडतात ते बघितलंत का? शिकायचे दिवस असतील तेवढे हजेरीवर पैसे द्या. आणि ज्याने सुचवलं त्याचं नाव सगळ्यांसमोर घ्या.

जुना माणूस जाणार आहे, त्याच्याकडचं ज्ञान कसं काढून घ्यायचं?

"काढून घ्यायचं" हा शब्द आधी सोडा, त्याला पण तो जाणवतो. आमच्या काकांना कोणी विचारलं असतं तर त्यांनी आनंदाने सांगितलं असतं, विचारलंच नाही.

लिहून घ्या म्हणून फॉर्म दिलात तर कोरा परत येईल, कारण हातातलं कसब त्याला स्वतःलाच शब्दात सांगता येत नाही. नवीन माणसाला त्याच्या शेजारी निदान एक पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचे काही कोरडे महिने उभा करा, म्हणजे कोरडा आणि दमट दोन्ही मोसम बघून होतील. मोबाईलवर शूट करा आणि नंतर त्याच्याबरोबर बसून तोच व्हिडिओ बघत विचारा, इथे हात का थांबला, हे काय बघितलंत. व्हिडिओ बघताना माणूस बोलता होतो हा माझा अनुभव आहे. ज्यांच्याकडे आयएसओ ९००१ हे क्वालिटीचं सर्टिफिकेट आहे त्यांनी २०१५ ची आवृत्ती उघडून ७.१.६ हे कलम वाचावं, कंपनीला लागणारं ज्ञान ठरवा, सांभाळा आणि लागेल त्याला मिळेल असं ठेवा असं त्यात स्पष्ट सांगितलंय. बहुतेकांनी ऑडिटपुरतं एक पान लावलेलं असतं.

गिऱ्हाइकाकडून शिकायचं म्हणजे फीडबॅक फॉर्म भरून घ्यायचे का?

नाही हो. फॉर्मवर सगळे "गुड" लिहितात. आपला माल जिथे वापरला जातो तिथे जाऊन उभं राहायचं. फेविकॉलचं बघा, १९५९ साली आलं. तोवर सुतार सरस उकळून वापरायचे, वास, वेळ, कटकट. ते बाजारात आणणारे बळवंत पारेख आधी मुंबईत एका लाकूड व्यापाऱ्याकडे शिपाई होते आणि वखारीतच राहायचे, म्हणजे सुताराची अडचण त्यांनी जवळून बघितलेली. विकताना पण नुसत्या दुकानदारावर न थांबता थेट सुतारांकडे गेले.

तुमचं गिऱ्हाईक मोठी कंपनी असेल तर तिच्या पर्चेसवाल्याशी तुमचं बोलणं असतंच, पण तुमचा पार्ट जो माणूस असेंब्ली लाईनवर बसवतो त्याला भेटलात का कधी? आणि बाजाराचं म्हणाल तर नागदेवीला किंवा लोहार चाळीत एखाद्या डीलरच्या काउंटरवर अर्धा दिवस बसा, कुठला माल का परत येतो ते सगळं तिथे कळतं.

कॉलेज आणि लॅब छोट्या युनिटला विचारतात तरी का?

विचारतात, फक्त प्रश्न नेमका घेऊन जा. मुंबईसारखं नशीब कमी शहरांना आहे. माटुंग्यात व्हीजेटीआय हे १८८७ चं इंजिनीअरिंग कॉलेज, आयसीटी म्हणजे १९३३ ची जुनी यूडीसीटी, केमिकलसाठी, पवईला १९५८ ची आयआयटी. कापडासाठी वरळीला सस्मिरा, घाटकोपरला बीटीआरए, रबरासाठी ठाण्यात आयआरएमआरए, आणि या संस्था तर उद्योगासाठीच उभ्या राहिल्या. "आमची क्वालिटी सुधारायची आहे" असं म्हणत गेलात तर कोणीही काही करू शकणार नाही. तुटलेले पाच पीस, चांगले पाच पीस, दोन्ही लॉटच्या तारखा आणि सेटिंग घेऊन गेलात तर बोलणं पुढे सरकतं.

कॉलेज आणि उद्योग जुळले तर काय होतं ते औषधांच्या धंद्यात दिसलं. १९७० चा पेटंट कायदा १९७२ मध्ये लागू झाला, त्यानंतर औषधावर पेटंट मिळेना, ते बनवायच्या पद्धतीवरच मिळायचं. मग परदेशी पेटंटं आणि शोधनिबंध वाचून वेगळ्या पद्धतीने तेच औषध करणं हा आपल्या केमिस्टांचा हातखंडा झाला आणि यूडीसीटीतून शिकलेले अनेक जण त्यात होते, डॉ. रेड्डीज कंपनी काढणारे अंजी रेड्डी त्यातलेच. मुंबईच्या सिप्लाने २००१ मध्ये एड्सची तीन औषधं एकत्र करून एका रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली, तेव्हा परदेशी कंपन्यांचा भाव वर्षाला १०,००० डॉलरच्या पुढे होता. लेख आणि पेटंट जगात सगळ्यांनाच उघडे होते, इथे ते वाचून रिअ‍ॅक्टरमध्ये उतरवणारी माणसं तयार होती. १ जानेवारी २००५ पासून औषधांवर परत पेटंट सुरू झालं, तोवर या कंपन्या मोठ्या झालेल्या होत्या.

पेटंट वाचणं आमच्यासारख्यांचं काम आहे का?

आहे. अर्ज साधारण १८ महिन्यांनी उघडा होतो, ऑनलाइन फुकट शोधता येतो, आणि त्यात दुसऱ्याने कुठला प्रॉब्लेम कसा सोडवला ते चित्रासकट असतं. पेटंटची मुदत २० वर्षं, आणि ते देशापुरतं असतं. एखादी गोष्ट वापरण्याआधी मात्र पेटंट एजंटला विचारा, आपलं आपण ठरवू नका. मुंबईचं ऑफिस अँटॉप हिलला आहे.

आमची टीम दहा वर्षं एकत्र आहे, सगळ्यांना सगळं येतं. हे चांगलंच ना?

माणसं टिकणं चांगलंच. पण कॅट्झ आणि अ‍ॅलन या दोन संशोधकांनी १९८२ मध्ये ५० संशोधन गटांचा अभ्यास छापला, त्यात गट एकत्र राहून साधारण पाच वर्षं झाल्यावर कामगिरी उतरत गेलेली दिसली, कारण बाहेरच्यांशी बोलणं कमी होत गेलं आणि "आपण केलेलं नाही म्हणजे ते चांगलं नाही" अशी वृत्ती आली. टीम मोडू नका, दर वर्षी एखादा नवीन माणूस आत घ्या आणि जुन्यातल्या एकाला बाहेर पाठवा, सप्लायरच्या प्लांटला, लॅबमध्ये, कुठेही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, यूट्यूब आणि एआय यांना स्रोत धरायचं का?

धरा, पण पहिली दिशा मिळण्यापुरतं. मी स्वतः वापरतो. तुमच्या साच्याचं, तुमच्या दाण्याच्या ग्रेडचं आणि तुमच्या गाळ्यातल्या हवेचं उत्तर तिथे नसतं. जे मिळेल ते एका छोट्या लॉटवर करून बघा, नोंद ठेवा, मगच पुढे.

आपली माहिती बाहेर सांगितली तर स्पर्धक उचलणार नाही का?

काही गोष्टी खरंच सांगायच्या नसतात, रेट, गिऱ्हाइकाची ड्रॉइंग, स्वतःचं फॉर्म्युलेशन. लॅबला किंवा कन्सल्टंटला देताना गोपनीयतेचा करार करा. पण बाकी प्रॉब्लेम झाकून ठेवलात तर मदत कोण करणार? तारापूरचं आठवा, शेजारच्या कारखान्यात चांगली पद्धत चालू होती तरी ती सहज उचलली गेली नाही.

फरक पडला हे कशावरून समजायचं?

नफ्यावरून लगेच कळत नाही, नफा दाण्याच्या भावावर आणि पेमेंटवर पण हलतो. मी चार आकडे बघतो. रिजेक्शन किती टक्के आणि कुठल्या कारणाने, साचा बदलायला किती मिनिटं, परत ऑर्डर देणारी गिऱ्हाइकं किती, आणि गेल्या तीन वर्षांत नव्याने सुरू केलेल्या मालातून विक्रीचा किती हिस्सा येतो. शेवटचा आकडा युरोपच्या सर्व्हेत पण असाच विचारतात. काही बदलायच्या आधी निदान दोन महिन्यांचे आकडे घेऊन ठेवा, आणि पावसाळ्याची तुलना गेल्या पावसाळ्याशीच करा.

वेळ अजिबात नाही. उद्या सकाळी एकच गोष्ट करायची तर कुठली?

प्रत्येक मशीनला दोरीने एक शंभर पानी वही आणि पेन बांधा. मशीन थांबलं किंवा पीस खराब आला की वेळ आणि कारण, एका ओळीत, मराठी हिंदी जी भाषा येते त्यात. शनिवारी अर्धा तास मशीन बंद ठेवून सगळ्यांनी ती वही मोठ्याने वाचायची, शेठनी पण बसायचं, आणि पहिले पंधरा मिनिटं शेठनी फक्त ऐकायचं. पहिल्या दोन आठवड्यांत पानं बरीच कोरी असतील, तरी शनिवार चुकवू नका. महिनाभरात जे कारण सगळ्यात जास्त वेळा आलं असेल ते घेऊन पुढच्या वेळी सप्लायरचा माणूस चहाला आला की त्याला ऑफिसात न बसवता थेट मशीनसमोर न्या.